काच आम्ही पुसू, भाव आम्ही सांगू

दोस्तहो, कंटेनर आले आणि गोदीतल्या टोळ्या मोडल्या. महिन्यातले निम्मे दिवस मी हात हलवत घरी येतो. म्हणून मी आणि वस्तीतल्या दोघा पोरांनी शिडी, बादली, रबरी पट्टी घेतली. दुकानांच्या काचा पुसायचा धंदा.

पहिल्या दिवशी एकोणीस दुकानांनी हाकललं. विसाव्याने आडनाव विचारलं. सांगितलं. म्हणाला, "मग संडासपण करत असशील!" शिडी उचलली नि चालू पडलो.

बाबासाहेबांनी १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडली, मुंबईत येऊन शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा धंदा काढला. सल्लागाराची जात कळली, गिऱ्हाईकं पळाली. कोलंबियात शिकलेल्या माणसाची ही गत, तर मॅट्रिकवाल्या माझी काय कथा?

दुसऱ्या दिवशी एका औषधवाल्याची एकच काच फुकट पुसली. ऊन चढायच्या आत. उन्हात साबण वाळतो, ओघळ उठतात. बाजूची काच आपोआप मळकी दिसायला लागली. त्याने सगळ्या दिल्या, शेजाऱ्याने हाक मारली. आज सात गिऱ्हाईकं आहेत. वही आहे. दर काचेमागे ठरलेला.

काहीजण म्हणतील, पुन्हा साफसफाईच? ऐका. महारकीत दाम गाव ठरवायचं. नाही म्हटलं की बहिष्कार. इथे दाम आमचा, नकारही आमचा. गटारात उतरणार नाही. सुरक्षेशिवाय माणूस गटारात उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी माणसं मरताहेत.

पोरांनो, शिडी घ्या. आधी भाव सांगा, मग पाणी ओता.

जय भीम!