कचरा डेपो मातीने झाकला. मग विहिरीचं पाणी प्यायचं का?

"डॉक्टर, डेपोवर माती टाकून गवत लावलंय. आता विहिरीचं पाणी उकळून प्यायलं तर चालेल ना?" जुन्या डेपोशेजारी राहणारे रुग्ण हल्ली हे वरचेवर विचारतात. 2021 मध्ये स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा शहरी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून जुने डेपो हटवण्याची किंवा झाकण्याची कामं बऱ्याच शहरांत निघाली आहेत.

पावसाचं पाणी कचऱ्यात उतरू नये, म्हणजे खालून काळं पाणी झिरपणार नाही, यासाठी हे झाकण. 2016 च्या घनकचरा नियमांत त्यासाठी 60 सेंटीमीटर चिकणमातीचा थर सांगितला होता. तो किती घट्ट? पाणी त्यातून वर्षाला जेमतेम 3 सेंटीमीटर सरकावं इतका. (नियमात आकडा सेकंदाचा आहे, वर्षाचा हिशेब माझा.)

कागदावर हे ठीक. अमेरिकेत मात्र 10 बाय 20 मीटरचे तुकडे प्रत्यक्ष बांधून, खाली झिरपणारं पाणी गोळा करून मोजलं गेलं. जॉर्जियातल्या ऑल्बनी इथे सुमारे सहा आठवडे पाऊस पडला नाही आणि थर सुकून तडकला. पुढे पाऊस आला की पाणी भराभर खाली जाऊ लागलं. ओल येऊनही भेगा नीट मिटल्या नाहीत. चार वर्षांत थराची पाझरण्याची क्षमता जवळजवळ हजारपट झाली. आपल्याकडे तर पावसाळा सरला की महिनोन्महिने कोरडे, आणि मे महिन्यात काळं रान कसं भेगाळतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. मातीवर प्लास्टिकचा जाड पडदा असेल तर ओल टिकते, म्हणून तुमच्या डेपोवर नक्की काय घातलंय ते विचारा.

पाणी उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट, शिसं, आर्सेनिक जात नाहीत. पाणी आटलं की उलट त्यांचं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची दुधाची पावडर या पाण्यात मुळीच कालवू नका. नायट्रेटमुळे रक्त पुरेसा प्राणवायू वाहू शकत नाही. ओठ, नखं निळसर दिसली तर तडक रुग्णालय गाठा.

पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. नुसती जंतूंची नको. नायट्रेट आणि जड धातूंचीही मागा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. त्याच नियमांत डेपो बंद झाल्यावर किमान 15 वर्षं देखरेख आणि भूजलाची तपासणी सांगितली होती. तो अहवाल नगरपालिकेकडे मागा. तोवर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी नळाचं पाणी वापरा.