मोफत वस्तूचा हिशेब

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठात ‘मोफत वस्तू’ म्हणून हवेचाच दाखला देण्याचा प्रघात आहे. ती विपुल, म्हणून तिला किंमत नाही. आणि किंमत नाही, म्हणून तिचा हिशेबही नाही. हा दाखला आज कितपत टिकतो हे पाहावयाचे तर सोलापूरहून अक्कलकोटला जाणारा रस्ता पुरेसा आहे.

शहर सोडताना औद्योगिक वसाहत लागते. यंत्रमागांचा खडखडाट, कापसाचे उडणारे बारीक तंतू, मालमोटारींचा धूर यांनी घसा कोरडा पडतो. वसाहत मागे पडून तुरीची, ज्वारीची शिवारे लागली की प्रवासी दीर्घ श्वास घेतो आणि हवेच्या चवीचे कौतुक करतो. वस्तुतः शुद्ध हवेला चव नसते आणि वासही नसतो. प्रवाशाला जाणवते ते धूर-धुळीचे नसणे. किंवा वळवाच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या मातीचा गंध. ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये त्या गंधाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले; कनौजचे अत्तारवाले मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून मातीचे अत्तर विकीत होते! पुढे कॅनडातील एका कंपनीने पर्वतावरील हवाच डब्यात भरली आणि 2015 च्या सुमारास ती चीनमध्ये विकू लागली. पाठ्यपुस्तकातील मोफत वस्तू अशी दुकानात आली.

नाकाची एक खोड आहे. सवयीच्या वासाची दखल ते लवकरच सोडून देते. वसाहतीतील कामगाराला धूर कळेनासा होतो, तसेच अक्कलकोटच्या रहिवाशाला आपली हवा हळूहळू बिघडत गेली तरी ते कळणार नाही. म्हणूनच हवा यंत्राने मोजावी लागते. आणि नेमके येथेच शासकीय धोरण तोकडे पडते.

केंद्र सरकारने जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला. त्याच्या यादीत सोलापूर आले, अक्कलकोट नाही. ही यादी शहरांची, आणि तीही ज्यांची हवा वर्षानुवर्षे मानकाबाहेर राहिली अशा शहरांची. दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांसाठी भारताचे 2009 चे वार्षिक मानक घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 ची शिफारस केली. निधी आणि आराखडे यादीतल्यांना मिळतात. ज्या गावाची हवा अद्याप बरी आहे, त्याने ती राखावी यासाठी या कार्यक्रमात फारसे काही नाही.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. शेजारच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचे 1320 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जाळणाऱ्या केंद्रांनी धुरातील गंधकाचा अंश काढणारी यंत्रणा बसवावी, असा नियम डिसेंबर 2015 मध्ये झाला. मुदती वाढत गेल्या आणि जुलै 2025 च्या अधिसूचनेने देशातील बहुसंख्य केंद्रांना या सक्तीतून वगळले. सक्तीचा विचार करावयाचा तो मुख्यतः मोठ्या किंवा प्रदूषित शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांबाबत. भारतीय कोळशात गंधक कमी असते आणि यंत्रणेच्या खर्चाने वीज महागेल, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु उंच धुराड्यातून सुटलेला वायू दूरवर जातो आणि वाटेत त्याचे सूक्ष्म कण बनतात. पावसाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा दहा किलोमीटरची वेस पाहत नाही. उत्पादकाने न सोसलेला खर्च शेजाऱ्यावर पडतो, तेव्हा बाजारभाव खोटा ठरतो, हे पिगू या अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्येच मांडले होते. सोलापूरची वीज राज्यभर आणि राज्याबाहेरही जाते. धुराचा वाटा मात्र जवळच्या तालुक्यांना आधी मिळतो.

अक्कलकोट स्वतः निर्दोष आहे असेही नाही. गुरुपौर्णिमेला आणि सुट्ट्यांच्या दिवसांत स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणाऱ्या मोटारी अरुंद गल्ल्यांत धूर ओकत तासन्‌तास उभ्या असतात. गळीत हंगामात उसाचे पाचट पेटते ते वेगळेच. यांतला किती दोष कोणाचा, हे अंदाजाने सांगता येणार नाही. नगरपरिषदेने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आग्रह धरून वर्षभराच्या नियमित मोजणीची व्यवस्था करून घेतली, आणि यात्रेचे, गळिताचे, पावसाळ्याचे आकडे वेगवेगळे नोंदविले, तर पुढच्या अधिसूचनेचा मसुदा हरकतींसाठी निघेल तेव्हा तालुक्यातील लोकांच्या हाती निदान एक वही असेल.