बोट आणि कळ

मराठीत कळफलक, कन्नडमध्ये कीलिमणे. घरातला वाद मात्र एकच. सौंसरच्या माझ्या ताईचा मुलगा पांढुर्ण्याला शिकतो. नेमबाजीच्या संगणक-खेळासाठी त्याला हॉलंडच्या ‘वूटिंग’चा महागडा कळफलक हवा आहे.

साधी कळ ठरावीक खोलीवरच लागते नि सुटते. या कळीत चुंबक असतो. बोट जरा उचलले की ती तत्क्षणी सुटते. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये धावताना नेम चुकतो, चटकन थांबणाऱ्याचा लागतो. म्हणून व्यावसायिक खेळाडू ती वापरतात.

पुढे दुसरी कळ दाबताच पहिली आपोआप सोडणारी सोय आली. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘व्हॉल्व्ह’ कंपनीने ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या अधिकृत सर्व्हरवर तिला बंदी घातली, चुंबकाला नाही.

ताईला मी म्हटले, चुंबक विकत मिळतो, बोटांचे कसब नाही. आधी त्याचा सराव बघ, मग पैशांचे बघू.