दैवाच्या खात्यावरचा लकवा

सणासुदीच्या अंकात आजारपणाचा विषय काढणे काहींना अभद्र वाटेल. वाटो बापडे! ज्या घरांत हा अंक वाचला जाईल, त्यांपैकी कितीतरी घरांच्या ओसरीवर एक बाज कायमची पडलेली आहे. तिच्यावर कोणाची आजी आहे, कोणाचे वडील आहेत. एक हात पोटाशी वाकडा झालेला आहे, आणि फराळाची बशी त्यांच्यापर्यंत पोचते ती सर्वांच्या शेवटी. काय झाले म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले: “लकवा मारला जी. नशीब, दुसरे काय!” माझे भांडण आहे ते या ‘नशीब’ शब्दाशी.

चंद्रपूरला चांदा म्हणत, त्या दिवसांपासूनचा मी झाडीपट्टीतला माणूस. येथल्या लोकांची दैवावरची श्रद्धा मला ठाऊक आहे आणि तिची मी थट्टा करणार नाही. पाऊस दैवाचा असेल, वाघाची गाठ दैवाची असेल. पण लकव्याला दैव म्हणणे ही श्रद्धा नव्हे, ती सोय आहे. घरच्यांची सोय, कारण उशीर का झाला हे मग कोणी विचारत नाही. पारव्याचे रक्त चोळणाऱ्याची सोय, कारण गुण आला तर तो त्याचा आणि न आला तर दैवाचा दोष. आणि सरकारची तर सर्वांत मोठी सोय. दैवाने मारलेल्या माणसासाठी रुग्णालय उभारावे लागत नाही!

“हा तर शहरातल्या लठ्ठ शेटजींचा रोग,” असे म्हणणारे शहाणेही आहेत. त्यांनी थोडे आकडे ऐकावेत. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था गडचिरोलीत सुरू केली. या संस्थेत मेंदुरोगतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांत, एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत, माणसे कशाने मरतात याचा शोध घेतला. वस्ती सुमारे ९४ हजारांची, मृत्यू १,५९९. त्यांतले २२९ लकव्याचे, म्हणजे सातांत एक! दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतकी माणसे दगावली नव्हती. ज्या जिल्ह्याचे नाव काढताच शहरी माणसाला हिवताप, साप आणि बंदुका आठवतात, तेथल्या गावांची ही कथा. लकव्याने गेलेल्यांपैकी शेकडा ८७ जण घरीच गेले, हे त्याहून बोलके आहे. २०१५ मध्ये हे सारे प्रसिद्ध झाले. तरी आपण अजून ‘नशीब’च म्हणत आहोत.

लकवा म्हणजे वाऱ्याचा झटका नव्हे, आणि तो हातापायांचा रोगही नव्हे. तो मेंदूचा घात आहे. मेंदूकडे रक्त नेणारी नळी गुठळीने बुजते, नाहीतर फुटते, आणि मेंदूचा तेवढा भाग उपाशी मरू लागतो. उजवे अंग लुळे पडले तर घाव बहुधा मेंदूच्या डाव्या भागात असतो. मग त्या अंगाला तेल चोळा, लेप लावा, नाहीतर बिचाऱ्या पारव्याचा जीव घ्या. आग लागलेले घर सोडून शेजारच्या अंगणात पाणी ओतण्यासारखेच ते आहे.

या घाताचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कोणी मोजत नाही. त्यात आपला लाडका खर्रा! दारूबंदीसाठी गडचिरोलीच्या बायाबापड्यांनी मोर्चे काढले आणि १९९३ मध्ये ती मिळवली. पण तंबाखू-सुपारीची पुडी आपण पाहुण्यापुढे अजून मानाने धरतो. तंबाखू रक्ताच्या नळ्या खराब करते, हे काय आता नव्याने सांगायला हवे?

घात झाल्यावर तर प्रत्येक मिनिटाला मोल आहे. तोंड एका बाजूला वाकडे झाले, उचललेला हात खाली पडला, बोलणे अडखळले, यांपैकी एक जरी एकाएकी घडले तरी घड्याळ पाहावे आणि १०८ ला फोन करावा. कांदा हुंगवू नये, पाणीसुद्धा पाजू नये. गिळण्याची शक्ती गेली असेल तर ते पाणी श्वासनलिकेत जाते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे, पण ते साडेचार तासांच्या आतच देतात. नळी बुजली आहे की फुटली आहे, हे त्याआधी सी.टी. स्कॅन करून पाहावे लागते, कारण फुटलेल्या नळीवर तेच इंजेक्शन जीवघेणे ठरते.

तुम्ही म्हणाल, “भामरागडच्या माणसाने साडेचार तासांत असे रुग्णालय गाठायचे कसे?” अगदी बरोबर. पण हा प्रश्न देवाला का विचारता? मत मागायला येणाऱ्याला विचारा! गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा काढला, तो राज्यकारभार लोकांच्या जवळ यावा म्हणूनच ना? मग स्कॅनचे यंत्र आणि ते वाचणारा डॉक्टर सिरोंच्याच्या, एटापल्लीच्या माणसाला किती तासांवर आहे, याचा हिशेब कोणीतरी दिलाच पाहिजे.

आता एक कडू गोष्ट घरच्यांसाठी. रोगी जगतो, आणि मग आपण त्याला मायेने मारतो. “बाबा, तुम्ही पडून राहा,” म्हणत त्याला भरवतो, उचलतो, त्याचे सगळे करतो. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही हे खरे; पण उरलेला भाग ते काम शिकून घेऊ शकतो. तो शिकतो ते करून करून, पडून राहून नव्हे. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, पुढेही ती सावकाश चालूच राहते. डॉक्टरांनी हो म्हटले की माणसाला बसवा, उभे करा, लुळ्या हातानेच पेला धरायला लावा. मात्र तो हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. आणि ज्याची वाचा गेली त्याची बुद्धी गेली, असे समजू नका. त्याला पुष्कळदा सारे कळत असते आणि आपल्यासमोर त्याच्याविषयी चाललेले बोलणे तो ऐकत असतो. लुई पाश्चरचे डावे अंग १८६८ मध्ये लुळे पडले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची लस त्याने पहिल्याने माणसाला टोचली ती १८८५ मध्ये. त्याला सतरा वर्षे बाजेवर निजवून ठेवले असते तर?

पण व्यायाम शिकवणार कोण? प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट हवा आणि रक्तदाबाची गोळी प्रत्येक उपकेंद्रात बारा महिने हवी. चैनीच्या वस्तू नव्हेत या!

भाऊबीज झाली की आपल्याकडे मंडया भरतील, नाटके उभी राहतील, लेकीबाळी माहेरी येतील. घर असे भरलेले असताना तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आरोग्य केंद्रात न्या आणि रक्तदाब मोजून घ्या. आणि ओसरीवरच्या त्या बाजेवरून आजीला उठवून पंक्तीत बसवा. लाडू तिचा तिला उचलू द्या. सांडेल. सांडू द्या!