माणसं फाटकावर मोजा

भविष्य निर्वाह निधीचे अंमलबजावणी अधिकारी आणि आमच्या भागातले जिनिंगमालक यांस,


एका जिनिंगमध्ये मी सात हंगाम हजेरी लिहिली. टेबलावर दोन वह्या असायच्या, दोन्ही माझ्याच अक्षरात. जाड पुठ्ठ्याच्या वहीत एकोणीस नावं. विसावं कधी चढू दिलं नाही. दुसरी ठेकेदाराची, खिशात मावणारी. तिच्यात नावंच नव्हती: ‘रेच्यावर बाया १४, सरकी ६, गाठी ८.’ तपासणीला पुढे जायची ती जाड वही.

वीस माणसं झाली की भविष्य निधी लागू होतो. १९५२ च्या कायद्यात तसं आहे, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आकडा तोच. ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच धरायचा. मालक म्हणतात, हंगामी माणसं कशाला मोजायची? अचानक अडलेल्या कामापुरती चार माणसं घेतली तर ती मोजू नयेत, पण धंद्याच्या नेहमीच्या कामावरची मोजावीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच सांगितलं आहे. दिवाळीनंतर जिनिंगला कापूस येणं हे अडलेलं काम नाही. तोच तर धंदा आहे.

रेच्यात, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रात, कापूस टाकणाऱ्या एक मावशी अकरा हंगाम आल्या. नाकाला पदर बांधलेला, भुवया कापसानं पांढऱ्या. परवा त्या पेन्शनचं विचारायला माझ्या घरी आल्या. १९९५ च्या योजनेत पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, आणि हंगामी कामगाराचं काम वर्षात कमी भरलं तरी ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे मावशींची अकरा वर्षं भरली. पण दाखवायला त्यांच्याकडे एक चिठ्ठी नाही. त्या अकरांतले सात हंगाम मीच ‘बाया १४’ मध्ये घातले, आणि त्याचा मला फार त्रास होतो.

साहेब, वही कचेरीत मागवू नका. जानेवारीत पाळी सुटताना फाटकावर उभे राहा, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीला नाव विचारा. आणि मालकांनो, ठेकेदाराचं बिल चुकतं करण्याआधी भविष्य निधीचं नावानिशी भरलेलं चलन मागा. त्यानं वर्गणी बुडवली तर ती शेवटी तुमच्याच अंगावर येते. प्रत्येक बाईचा यूएएन, म्हणजे भविष्य निधीचा खाते क्रमांक, तिच्या हातात पडू द्या.

मावशींच्या सात हंगामांची साक्ष हवी असेल तर मला बोलवा. मी येतो.

आपला,
एक जुना हजेरी कारकून
आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी, जि. हिंगोली