रजिस्टरमधलं नाव

कादंबरीकाराचं आयुष्य त्याच्या कादंबरीत किती उतरतं, ही चर्चा आपल्याकडे फार लवकर चौकशीवर येते. यातली बाई खरी कोण, तो मास्तर कुठल्या शाळेतला, वाड्याचे मालक अजून हयात आहेत का. वाचकाचं हे कुतूहल मला समजतं. पण शरणकुमार लिंबाळे यांची पुस्तकं एकामागून एक वाचत गेलो, तेव्हा ही चौकशी भलत्याच घरी चालली आहे असं वाटू लागलं. जगलेल्या आयुष्यातून लेखकाकडे माणसं येतात, प्रसंग येतात, हे खरंच. त्यांच्यामागे मात्र एखादा न सुटलेला प्रश्न असतो, आणि लेखकाला पुढची तीस-चाळीस वर्षं लिहितं ठेवतो तो हाच.

लिंबाळे आमच्या सोलापूर जिल्ह्याचे. अक्कलकोट तालुक्यातलं हन्नूर हे त्यांचं गाव, जन्म १९५६चा. कर्नाटकाची हद्द जवळ, बाजारात मराठीबरोबर कानडी कानावर पडणारा हा मुलूख. 'अक्करमाशी' हे त्यांचं आत्मकथन १९८४ साली आलं तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. आई मसामाई महार समाजातली, वडील लिंगायत पाटील, आणि त्या पाटलांनी मुलाला आपलं म्हटलं नाही. आजी संतामाई. तिच्यासोबत राहणारे महमूद दस्तगीर जमादार हे एसटी स्टँडवर हमाली करायचे. रक्ताचं काहीही नातं नसताना या माणसाने नातवासारखं पोर सांभाळलं. पोराने त्यांना दादा म्हटलं.

शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा बापाचं नाव काय लिहायचं हा पेच पडला. हेडमास्तरांनी रजिस्टरमध्ये पाटलांचंच नाव, हणमंता लिंबाळे असं, लिहून टाकलं. पाटलांना कळलं तसं त्यांनी ते नाव काढून टाकावं म्हणून जोर लावला. मास्तर बधले नाहीत. नोंद राहिली. एका खेड्यातल्या शाळामास्तराने शाईने लिहिलेल्या त्या ओळीतून आलेलं आडनाव आज कितीतरी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर छापलं जातं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. नाव लिहिणं हे कुणाच्या हाती आहे, आणि ते खोडण्याची ताकद कुणाकडे आहे, हे या मुलाला अक्षरओळख होण्याच्या वयातच कळलं.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. सोलापूर हा ज्वारीचा जिल्हा. मंगळवेढ्याची मालदांडी, थंडीतला हुरडा, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे आम्ही परगावच्या पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. त्याच जिल्ह्यात सुगीच्या दिवसांत जनावरांच्या शेणातून न पचलेले दाणे पडायचे. संतामाई ते शेण गोळा करायची, पाण्यात धुऊन दाणे वेगळे काढायची, उन्हात वाळवायची, दळायची आणि त्या पिठाची भाकरी थापायची. नातवाने हट्टाने त्यातला तुकडा मागून घेतला, तर शेणाचा वास घशाखाली उतरेना. मी हे कॉलेजात असताना वाचलं. आमच्या घरी आई परातीत ज्वारी निवडत बसायची, खडा दिसला की चिमटीने उचलून बाजूला टाकायची. त्यानंतर कितीतरी दिवस मला त्या परातीकडे नीट बघवेना.

इतकं सगळं आत्मकथनातच सांगून झाल्यावर कादंबरीसाठी उरतं काय? आनंद यादवांचा रस्ता उलटा होता. कागलच्या मातीतलं जगणं त्यांनी १९७१ साली 'गोतावळा' कादंबरीत आधी घातलं आणि 'झोंबी' हे आत्मचरित्र १९८७ साली नंतर आलं. कादंबरीच्या आडोशाने हात सरावला, मग ते उघड्यावर आले. लिंबाळ्यांना आडोसा घेण्याची सवलत नव्हती. ज्याच्या अस्तित्वालाच हरकत घेतली गेली, त्याला आधी 'मी आहे' हे सांगावं लागतं, तेही स्वतःच्या नावानिशी. कादंबरीत पात्रं असतात, आणि पात्र काय, काल्पनिक आहे म्हणून झटकता येतं.

म्हणून त्यांच्या कादंबऱ्या आत्मकथनाची पुढची आवृत्ती नाहीत. २००३ साली आलेली 'हिंदू' घ्या. तिच्यात गावातल्या आंबेडकरी कार्यकर्त्याचा खून आहे, त्याभोवती दोन्ही बाजूंची माणसं आहेत, आणि चळवळीतल्याच लोकांची तडजोड, फितुरी, भीती आहे. लिंबाळे दलित पँथरच्या काळात तरुण झाले, त्यांनी हे जवळून पाहिलं. पण 'मी' म्हणून लिहिताना स्वतःची साक्ष देता येते, शेजाऱ्याच्या मनात शिरता येत नाही. मारणारा रात्री काय विचार करतो, गप्प बसणारा सकाळी आरशात काय पाहतो, हे आत्मकथनाला झेपत नाही. ते करायला कादंबरी लागते. माझ्या मते 'हिंदू'चं मोल तिच्यातल्या या कठोरपणात आहे, आपल्याच माणसांना सूट न देण्यात.

मग 'सनातन' आली, २०१८ साली. तिला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. तेंडुलकर आणि एलकुंचवार यांच्यानंतर हा सन्मान मराठीकडे आला. इथे एक कोडं आहे. 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहून ज्या समीक्षकाने अनुभवाच्या सच्चेपणाला मानाचं स्थान दिलं, त्यानेच आपली सर्वांत मोठ्या आवाक्याची कादंबरी स्वतःच्या जन्माआधीच्या काळावर लिहिली. इंग्रजी अमदानीतला महार समाज, पलटणीतले शिपाई, धर्म बदलून जात सुटते का हे पाहणारी माणसं. यातलं काहीच त्यांनी जगलेलं नाही.

तरी मला वाटतं, जगलेलं आयुष्य याच पुस्तकात सर्वांत खोल गेलंय. एका मुसलमान हमालाच्या मांडीवर वाढलेल्या महार पोराला धर्मांतराचा प्रश्न ग्रंथांतून शिकावा लागत नाही. त्याच्या घरातल्या चुलीपाशीच दोन धर्म आणि तीन जाती बसलेल्या होत्या. आणि नोंदीचं म्हणाल तर, भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत, त्यांतली कित्येक महारांच्या नावांत येणाऱ्या 'नाक'ने संपतात. दगडावर राहिली तेवढी राहिली. गावोगावच्या दप्तरांत अशा माणसांचा उल्लेख आला तर वेठीपुरता. ज्याच्या बापाचं नाव शाळेच्या वहीतून खोडायला माणसं आली होती, तो लेखक इतिहासाची वही उघडतो तेव्हा कुणाची नावं तिथे नाहीत हेच आधी शोधणार. हे संशोधन पुस्तकांतून करता येतं, पण शोधायची नजर हन्नूरची आहे.

कादंबरी म्हणून 'सनातन' सगळीकडे सारखी जमलेली नाही, हेही मोकळेपणाने सांगतो. काही जागी पात्रं स्वतःचं बोलणं सोडून लेखकाचं म्हणणं मांडू लागतात. जिथे भूक, पाणी, शिवाशीव, पहिल्यांदा अंगावर चढलेला गणवेश अशा हाताला लागणाऱ्या गोष्टी येतात, तिथे भाषा एकदम ताठ उभी राहते. शेणातल्या दाण्यांची भाकरी ज्याच्या तोंडात गेली आहे, त्याची भाषा अशाच ठिकाणी सर्वांत खरी लागावी याचं नवल नाही.

आमच्या जिल्ह्यात लिंबाळ्यांवरचं बोलणं अजून 'अक्करमाशी'पाशीच अडतं. त्यातही लोकांना मसामाईबद्दल, पाटलांबद्दल विचारायचं असतं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी जे सोसून लिहिलं तेच त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेणं मला बरोबर वाटत नाही. अक्कलकोट, सांगोला, मंगळवेढ्याच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. यंदा मुलांना 'अक्करमाशी'तला शाळाप्रवेशाचा भाग वाचायला द्या आणि लगेच त्याच्या शेजारी 'हिंदू' आणि 'सनातन' ठेवा. मग त्यांना विचारा, या तीन पुस्तकांत कुणाचं नाव कोण लिहितंय आणि कोण पुसतंय. उत्तरं मुलं देतील. त्यांच्या तालुक्यातली माणसं आहेत ती.