आधी कॅरिअर निवडा!

दोस्तांनो, दहावीनंतरचं करिअर निवडायला अजून वेळ आहे. आज निवडायचंय ते सायकलचं कॅरिअर! गिअरच्या नव्या सायकलींना ते बरेचदा नसतंच. मग दप्तर पाठीवर, आणि वऱ्हाडातल्या उन्हात शाळेत पोचेपर्यंत पाठ घामानं चिंब!

दुकानात दोन तऱ्हा दिसतील. एक नुसतं सीटच्या दांड्याला आवळायचं. दिसायला झकास, पण सगळा भार एकाच पकडीवर. दप्तर जड झालं की ते कलतं. दुसऱ्याला दोन्ही बाजूंनी पाय असतात, ते मागच्या चाकाच्या आसाजवळ बसतात. भार थेट चाकावर उतरतो. रोजच्या दप्तराला हेच घ्या. किती किलो पेलेल, ते चांगल्या कॅरिअरवर लिहिलेलं असतं. २५ किलो लिहिलं असेल, तर त्यावर मित्राला बसवायचं नाही, बरं का!

आता परीक्षा. कॅरिअर धरून डावी-उजवीकडे हलवा. सायकलही सोबत हलली, तर पास. एकटंच डुगडुगलं, तर नट आवळा. दप्तराचे लोंबते पट्टे आत खोचा. पट्टा चाकात गेला, की चाक जागीच अडकतं आणि तुम्ही रस्त्यावर!

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत झाला, गिनीज बुकात नोंदला गेला. पण रस्ता विक्रमी असला, तरी ढिला नट ढिलाच! मोठ्यांसोबत त्या वाटेनं सहलीला निघालात, तर मूर्तिजापूरला आधी नट तपासा, मग चहा.